न्यायमूर्ती की तपास मंडळ? विमान अपघातांच्या चौकशीची पार्श्वभूमी

एअर इंडियाच्या अहमदाबाद विमान अपघाताचा सरकारी तपास मंडळाने दिलेला प्राथमिक अहवाल बरोबर महिन्याने, १२ जुलै २०२५ रोजी आला आणि घराघरांत इंधनाच्या स्विचची चर्चा सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयात मात्र वेगळाच प्रश्न पोचला आहे: ही चौकशी करायची कोणी? अपघातात गेलेल्या कॅप्टनचे वडील आणि वैमानिकांची एक संघटना यांनी निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली चौकशी व्हावी अशी मागणी केली. काहींना ही मागणी अवास्तव वाटली. पण २०१० पर्यंत मोठा अपघात झाला की सरकार चौकशी न्यायालय नेमायचे, हीच आपल्याकडची रीत होती. ती का आणि कशी मोडली, हे पाहिल्याशिवाय आजचा वाद नीट कळत नाही.

मूळ चौकट इंग्रजांच्या काळातली. १९३४ चा विमान कायदा आणि त्याखालचे १९३७ चे नियम यांनी तीन वाटा आखून दिल्या होत्या. किरकोळ प्रकरणात निरीक्षकाने तपास करायचा, त्याहून मोठ्या प्रकरणात समिती नेमायची आणि फारच गंभीर असेल तर औपचारिक चौकशी करायची. या तिसऱ्या वाटेलाच लोक चौकशी न्यायालय म्हणत. १९५१ मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराचे तेरावे परिशिष्ट आले. अपघात ज्या देशाच्या भूमीवर होईल त्याने तपास करायचा, आणि तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा असावा, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नसावा, असे त्यात आहे. हे वाक्य आज जो तो आपापल्या सोयीने उद्धृत करतो. १९५० आणि १९६६ मध्ये माँ ब्लाँच्या डोंगरावर आपली दोन विमाने आदळली. दुसऱ्या विमानात होमी भाभा होते. तपास अर्थातच फ्रेंचांकडे गेला. १९७८ च्या पहिल्याच रात्री सांताक्रूझहून उडालेले एअर इंडियाचे जंबो विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. कॅप्टनसमोरचे विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते आणि बाहेर अंधारात क्षितिज दिसत नव्हते. चौकशीने बोट ठेवले ते कॅप्टनच्या प्रतिसादावर. उपकरण आणि विमान बनवणाऱ्यांविरुद्धचे दावे अमेरिकेतल्या न्यायालयात कित्येक वर्षे चालले आणि १९८५ मध्ये फेटाळले गेले.

खरी परंपरा तयार झाली ती १९८५ नंतर. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ अटलांटिकमध्ये पडले, ३२९ माणसे गेली. अपघात खुल्या समुद्रावर, त्यामुळे विमानाची नोंदणी ज्या देशाची त्याच्याकडे, म्हणजे भारताकडे, तपास आला. सुमारे दोन किलोमीटर खोलीवरून दोन्ही रेकॉर्डर (उड्डाणाची माहिती आणि कॉकपिटमधला आवाज टिपणारी यंत्रे) वर काढले गेले आणि मुंबईत आणले गेले. आवाजाच्या विश्लेषणात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी भाग घेतला. ब्रिटिश तज्ज्ञाला त्या आवाजात स्फोटाची खूण दिसली नव्हती. इतरांना ती दिसली. चौकशी न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी दोन्ही मते अहवालात घेतली, त्यांची छाननी केली आणि १९८६ च्या सुरुवातीला बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष काढला. न पटलेले मतही कागदावर राहिले, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य. आजच्या अहवालांमध्ये ही सवय फारशी आढळत नाही.

अशा चौकशी न्यायालयाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असत. साक्षीदाराला समन्स काढता येई, शपथेवर जबाब घेता येई, कागदपत्रे मागवता येत. मदतीला असेसर म्हणून विमानशास्त्र जाणणारी माणसे बसत. सुनावणी उघड असे. कंपनी, वैमानिकांच्या संघटना, विमान बनवणारे, नियामक (परवाने देणारे आणि तपासण्या करणारे सरकारी खाते) असे सगळे आपापले वकील घेऊन येत आणि एकमेकांच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेत.

बंगळूरचे उदाहरण पाहा. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून गेलेले एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे टेकले, गोल्फ कोर्सवरून घसरत जाऊन बांधावर आदळले आणि पेटले. विमान नवे कोरे होते, तंत्रज्ञान त्याहून नवे. सरकारने सगळी ए-३२० विमाने जमिनीवर आणली आणि ती अनेक महिने उडाली नाहीत. संगणकाने दगा दिला असे एका बाजूचे म्हणणे, वैमानिकांनी दिला असे दुसऱ्या बाजूचे. न्यायालयापुढे जे चित्र आले ते असे: उतरताना इंजिने अगदी मंद चालीवर राहिली, विमानाचा वेग घटत गेला आणि हे दोघांच्याही लक्षात फार उशिरा आले. उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फूट ठेवायचा होता. शेजारच्या बटणावर ७०० फूट उंची निवडली गेली असावी, अशी शक्यता न्यायालयाने मांडली. ठपका वैमानिकांवरच आला. पण तिथवर येताना निर्मात्याला आपल्या रचनेचे समर्थन सर्वांसमोर करावे लागले, आणि त्याच अहवालात विमानतळाची आग विझवण्याची व्यवस्था व बचावपथकाची दिरंगाई यांवरही बरेच लिहिले गेले.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. २६ एप्रिल १९९३, भर दुपार, उन्हाने तापलेली हवा, भरलेले बोइंग ७३७ विमान. धावपट्टी संपली तिथे बीडचा रस्ता आडवा जात होता आणि त्यावरून कापसाच्या गाठी लादलेला ट्रक चालला होता. उड्डाण घेणाऱ्या विमानाची चाके ट्रकला लागली. पुढे विजेच्या तारांना धडकून ते कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. विमान उचलायला वैमानिकांनी उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली, असे चौकशीने म्हटले. त्याच वाक्यात, तेवढ्याच वजनाने, उड्डाणांच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखणाऱ्या विमानतळ प्राधिकरणाचे नाव कारण म्हणून आले. हे दुर्मिळ आहे. आपल्याकडच्या अहवालांत वैमानिक बहुतेक वेळा ‘कारण’ असतो आणि यंत्रणा ‘सहायक घटक’. औरंगाबादच्या अहवालात दोघे एकाच ओळीत बसले.

१९९६ च्या चरखी दादरीबद्दल थोडक्यात. हवेतल्या टकरीत ३४९ माणसे गेली. कझाक विमान परवानगी दिलेल्या १५,००० फुटांखाली उतरले हे कारण ठरले. पण चौकशीत दिल्लीच्या रडारचे मागासलेपण आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग देण्याची पद्धत यांवरही प्रकाश पडला. मार्ग वेगळे झाले, रडार बदलले आणि टक्कर टाळणारे यंत्र विमानांवर सक्तीचे झाले.

हे सगळे वाचून ती पद्धत आदर्श होती असे वाटेल. तशी ती नव्हती. न्यायमूर्तींना हवाई वाहतुकीची घडण पहिल्यापासून समजावून सांगावी लागे. वकील आपापल्या अशिलाचा बचाव मांडत, त्यामुळे सुनावणी खटल्याच्या वळणावर जाई आणि ‘दोष नको, कारण हवे’ हे परिशिष्टातले वाक्य पुस्तकातच राही. प्रत्येक वेळी नवे न्यायालय, नवे कार्यालय, नवे असेसर. अहवाल सरकारला दिला की न्यायालय विसर्जित. शिफारशींचे पुढे काय झाले हे विचारायला कोणीच उरत नसे. ज्यांत न्यायालय नेमले जात नसे त्या अपघातांत तर नियामकाचेच अधिकारी तपास करत. परवाना त्यांनी दिलेला, तपासण्या त्यांनी केलेल्या आणि चूक शोधायचीही त्यांनीच. परीक्षार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी तसा हा कारभार होता, आणि बाहेरचे देश त्यावर बोट ठेवत होते ते रास्तच होते.

मग मंगळूर झाले. २२ मे २०१० च्या सकाळी डोंगरमाथ्यावरच्या, टोकाला दरी असलेल्या (टेबलटॉप) धावपट्टीवरून विमान पुढे दरीत गेले, १५८ माणसे गेली, ८ वाचली. प्रवासी विमानाच्या अपघातावर नेमलेले हे शेवटचे चौकशी न्यायालय. अध्यक्ष या वेळी न्यायमूर्ती नव्हते, हवाई दलातले निवृत्त अधिकारी होते. तांत्रिक समज आणि उघड सुनावणी हे दोन्ही एकत्र मिळू शकते, हे यातून दिसले. दुर्दैवाने पुढच्या वादात ही मधली वाट कोणाला आठवत नाही. विमान ठरल्यापेक्षा फार उंचावर होते, सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ (न उतरता पुन्हा वर चला) म्हटले होते आणि कॅप्टनने उतरणे थांबवले नाही, हे अहवालाने ठामपणे लिहिले. रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. हे सुनावणीत आले आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आले. कॉकपिटमधला आवाज चव्हाट्यावर येऊ नये असे परिशिष्ट सांगते, त्यामुळे परदेशी तज्ज्ञांनी नाके मुरडली. वैमानिकही नाराज झाले.

याच न्यायालयाने अपघात तपासासाठी स्वतंत्र मंडळाची शिफारस केली. २०१२ मध्ये नवे नियम आले आणि जुलैअखेर मंडळ स्थापन झाले. इथे एक छोटी गोष्ट घडली, जिचे परिणाम मोठे झाले. शिफारशीतला स्वतंत्र हा शब्द नियामकापुरताच घेतला गेला. मंडळ नियामकापासून वेगळे झाले, पण दोघेही एकाच मंत्रालयाखाली राहिले. प्रमुख मंत्रालय नेमणार, पैसा मंत्रालय देणार, आणि सुरुवातीचे बरेच अधिकारी नियामकाच्या सेवेतून आलेले. अमेरिकेतले मंडळ वाहतूक खात्याच्या बाहेर आहे. आपल्याकडे तसे करता आले असते. केले नाही. सरकारी बाजू अशी की देश लहान मनुष्यबळावर चालतो, तज्ज्ञ मोजके आहेत आणि ते सगळे याच खात्यात वाढलेले असतात. यात तथ्य आहे. पण या बदलात उघड सुनावणी गेली आणि नियामकाच्या अधिकाऱ्याला शपथेवर प्रश्न विचारण्याची एकमेव जागाही गेली. ही दुसरी किंमत कोणी मोजली नाही.

कोळिकोडला, ऑगस्ट २०२० मध्ये, ती मोजावी लागली. पावसात, पाठीमागून वारा असताना, धावपट्टीची जवळजवळ निम्मी लांबी मागे पडल्यावर चाके टेकली आणि विमान उतारावरून खाली गेले. २१ माणसे गेली. कॅप्टनच्या बाजूचा वायपर बिघडलेला होता. वर्षभराने आलेल्या मंडळाच्या अहवालाने संभाव्य कारण म्हणून वैमानिकाने कार्यपद्धती न पाळणे दिले, आणि व्यवस्थेतल्या त्रुटींकडे दुर्लक्ष करता येणार नाही अशी एक ओळ खाली जोडली. याच धावपट्टीबद्दल एका सुरक्षातज्ज्ञाने २०११ मध्ये, मंगळूरनंतर लगेच, लेखी इशारा दिला होता. तो इशारा कोणाच्या टेबलावर नऊ वर्षे राहिला, हे जुन्या पद्धतीत एखाद्या वकिलाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या अधिकाऱ्याला विचारले असते. अपघाताच्याच वर्षी, २०२० मध्ये, विमान कायद्यात दुरुस्ती होऊन नियामक आणि तपास मंडळ दोघांनाही कायद्याचे अधिष्ठान मिळाले. देखरेख केंद्र सरकारचीच राहिली. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली, तरी या रचनेत फरक पडला नाही.

आणि मग अहमदाबाद. २६० मृत्यू, विमानातला एक जण वाचलेला. प्राथमिक अहवालाने सांगितले की उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’ (बंद) वर गेले, आणि सुमारे दहा सेकंदांनी परत ‘रन’ (चालू) वर आले. एका वैमानिकाने दुसऱ्याला तू का बंद केलेस असे विचारले, दुसऱ्याने मी केले नाही असे उत्तर दिले. कोण कोणाला म्हणाले, हे दिले नाही. त्या दोघांचे शब्द जसेच्या तसेही दिले नाहीत, फक्त आशय दिला. या स्विचच्या खटक्याबद्दल अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये सूचना काढली होती, ती सक्तीची नव्हती आणि कंपनीने ती तपासणी केली नव्हती, हेही अहवालात आहे. चर्चा मात्र त्या एका संवादाचीच झाली. काही दिवसांत परदेशी माध्यमांनी अनामिक सूत्रांच्या हवाल्याने कॅप्टनकडे बोट दाखवले आणि वैमानिकांच्या संघटनेने त्यांना कायदेशीर नोटिसा पाठवल्या.

बंद दाराआडच्या तपासाचे मुख्य समर्थन होते की कॉकपिटमधले बोलणे सुरक्षित राहील आणि मृत वैमानिकांची बदनामी टळेल. मंगळूरला बोलणे बाहेर आले ते निदान सगळ्यांसमोर आले होते आणि त्यावर उलटतपासणी होऊ शकत होती. अहमदाबादला निवडलेला आशय बाहेर आला आणि त्याची तपासणी करायची सोय कोणाकडेच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते याचिकेमागचा खरा राग हा आहे, न्यायमूर्तींच्या खुर्चीचे आकर्षण नव्हे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने कॅप्टनच्या वडिलांना सांगितले की प्राथमिक अहवालात त्यांच्या मुलावर दोष ठेवलेला नाही, हे ओझे त्यांनी मनावर घेऊ नये. सरकारने सांगितले की तपास आंतरराष्ट्रीय चौकटीतच चालू आहे. दोन्ही म्हणणी परिशिष्ट तेराच्या त्याच वाक्यावर उभी आहेत. याचिकाकर्ते मात्र नियमांतल्या दुसऱ्या एका तरतुदीकडे लक्ष वेधतात. औपचारिक चौकशीची जुनी वाट २०१२ मध्ये नियमांतून काढून टाकलेली नव्हती, आणि २०१७ च्या नियमांत ती नियम १२ म्हणून आहे. केंद्र सरकारला उचित वाटल्यास ते अशी चौकशी नेमू शकते, मंडळाचा तपास झाला असो वा नसो. म्हणजे मंडळाचा अंतिम अहवाल आल्यानंतरही न्यायमूर्ती नेमता येतात. ‘उचित’ काय हे ठरवायचा अधिकार मात्र, मंडळ आणि नियामक दोघे ज्याच्या हाताखाली आहेत त्या सरकारकडेच आहे.