टेट्रिसमधला बाख पेटीवर कसा सापडतो

डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, नेमाने बसणाऱ्या सिंधुदुर्गातल्या माणसाला चाल ओळखायला शिकवावं लागत नाही. बुवांनी गजर उचलला की दुसऱ्या ओळीला मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच, "चाल वळखीची वाटता." शब्द देवाचे, ठेका वेगळा, पट्टी वेगळी, तरी मूळ सिनेमाचं गाणं पकडलं जातं. चतुर्थीला गावी आलेल्या पोरांच्या हातातल्या जुन्या व्हिडिओ गेममधून जी पिपाणी वाजत असते, तिलाही हा कान लावून बघावा. पियानो किंवा त्याच्याआधीच्या हार्प्सिकॉर्ड या वाद्यासाठी दोन-तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं युरोपातलं संगीत तिच्यात बरेचदा निघतं.

वरून पडणारे ठोकळे रचायच्या टेट्रिस या गेमचंच घ्या. 1989 साली तो निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला, तेव्हा खेळणाऱ्याला तीन धुनांतून एक निवडता येई. सगळ्यांना पाठ झालेली पहिली धून म्हणजे एक रशियन लोकगीत. तिसरी मात्र जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या तिसऱ्या 'फ्रेंच स्वीट' या रचनामालेतला मिन्युएट, म्हणजे एका जुन्या नाचाची धून.

गेममध्ये इतकं जुनं संगीत का? अशा रचनांवर कुणाचा हक्क उरलेला नसतो, पैसे द्यावे लागत नाहीत, हे एक कारण झालंच. पण दुसरं कारण यंत्रात आहे आणि ते जास्त गमतीचं. गेम बॉयच्या चिपमध्ये आवाजाच्या चारच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक छोट्या साठवलेल्या लहरीची आणि एक नुसत्या खरखरीची, ताल आणि स्फोटांसाठी. म्हणजे एका वेळी फार तर तीन स्वर. यात अख्खा ऑर्केस्ट्रा कोंबायचा कसा? बाखचा मिन्युएट मुळात दोन हातांच्या दोन स्वररेषांवर चालतो, त्यामुळे तो फारशी काटछाट न होता बसतो. जिथे जास्त स्वर एकत्र हवेत, तिथे चिपसाठी लिहिणारे ते स्वर इतक्या भराभर एकामागून एक वाजवत, की कानाला ते एकत्रच वाटावेत. जुन्या गेममधली ती ओळखीची थरथर इथून येते.

मग मोबाइलवरचं गाणं ओळखणारं ॲप का अडतं? शझामसारखं ॲप आवाजाचा आलेख काढतं, त्यातली सर्वांत ठळक टोकं निवडतं आणि टोकांच्या जोड्यांमधलं वेळेचं अंतर साठवलेल्या नोंदींशी ताडून बघतं. म्हणजे त्याला ठरावीक ध्वनिमुद्रण ओळखता येतं. तोच मिन्युएट चिपवर, वेगळ्या लयीत आणि पट्टीत वाजला, की टोकं सगळी हलतात. गेमचं मुद्रणच त्याच्या साठ्यात असेल तर नाव मिळेलही, पण ते टेट्रिसचं. बाख बाजूलाच राहिला.

इथे पेटी कामाला येते. चाल कुठे विसावते ते ऐका, तिथे सा धरा आणि बाकीचे स्वर सरगमेत लिहून काढा. पेटीवरच्या, काळ्या धरून, शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कंपनसंख्येचं गुणोत्तर सगळीकडे सुमारे 1.0595 असतं. त्यामुळे सा कुठेही सरकवला तरी स्वरांमधली नाती तीच राहतात. उदाहरणार्थ, प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. वाजवून बघा: फोन होल्डवर ठेवल्यावर कितीदा ऐकलेली, बेथोवनची 1810 मधली 'फ्यूर एलिझ'. मूळ पट्टी हवी तर सा पांढरी सहावर, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीवर धरा. दोन्ही मध्यम इतके जवळजवळ आले की पेटीवाल्याचा कान टवकारतोच.

पाश्चात्त्य जगानेही शेवटी हीच युक्ती केली. हॅरल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गनस्टर्न यांनी 1948 मध्ये सुमारे 10,000 धुनांचा कोश काढला आणि शोधसूचीसाठी सगळ्या धुना एकाच पट्टीत आणल्या, आपल्या पांढरी एकमध्ये. 1975 मध्ये डेनिस पार्सन्स आणखी पुढे गेले. त्यांनी स्वरांची नावंही गाळली आणि प्रत्येक पुढचा स्वर वर गेला, खाली गेला की तिथेच राहिला, एवढंच ठेवलं. 'फ्यूर एलिझ' म्हणजे खाली, वर, खाली, वर, खाली, वर, खाली, खाली. इतक्याने काय होणार, असं वाटतं खरं. पण पहिल्या 16 स्वरांत अशा 15 पायऱ्या येतात आणि प्रत्येकीला तीन पर्याय, म्हणजे एकूण 1,43,48,907 आकृत्या. सरगम न येणाऱ्यालाही हे जमतं, म्हणून मला पार्सन्सची रीत भारी वाटते.

ती कोलमडते बेथोवनच्याच 'मूनलाइट' सोनाटा या पियानोच्या रचनेपाशी. 1996 च्या रेसिडेंट ईव्हिल या गेममध्ये हीच रचना पियानोवर वाजवली की गुप्त दार उघडतं. 1995 च्या अर्थवर्म जिम 2 या गेममध्येही ती आहे. तिच्या सुरुवातीला उजवा हात नुसता मंद्र प, सा, कोमल ग असा फिरत राहतो. वर, वर, खाली. वर, वर, खाली. अशी आकृती शेकडो रचनांत सापडेल. अशा वेळी चाल शोधत बसू नये, खर्ज, म्हणजे खालचे जाड स्वर, ऐकावा. काळी एक धरा, कारण मूळ पट्टी तीच आहे, आणि डाव्या हाताचे लांब स्वर टिपा: सा, कोमल नि, कोमल ध, म, प. गेमच्या छोट्या स्पीकरमधून हा खर्ज नीट येत नाही, तेव्हा हेडफोन लावलेला बरा.