चुंबक चिकटलं म्हणून कात्री नकली ठरत नाही

सर्जिकल दुकानातून आणलेल्या कात्रीला चुंबक लावायचं आणि चिकटलं की ‘हे अस्सल स्टेनलेस नाही’ म्हणून परत करायची, हा समज चुकीचा आहे.

गंज रोखतं ते क्रोमियम. ते साधारण साडेदहा टक्के वा जास्त असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. चुंबकाचा त्याच्याशी संबंध नाही, तो फक्त आतल्या स्फटिकरचनेबद्दल सांगतो. कात्रीला धार टिकवायची असते, म्हणून ४२० सारख्या ग्रेडचं मार्टेन्सिटिक (कडक करता येणाऱ्या रचनेचं) स्टील वापरतात: क्रोमियम १२ ते १४ टक्के, कार्बन जास्त, निकेल जवळपास नाहीच. तापवून झटकन थंड केलं की ते कडक होतं. आणि ते चुंबकाला चिकटणारच!

हाडात बसवायच्या प्लेटचं गणित वेगळं. शरीरातल्या खारट द्रवात ती महिनोन्‌महिने राहते, म्हणून तिथे ३१६एल ग्रेडचं स्टील. त्यातल्या निकेलमुळे स्फटिकरचना ‘ऑस्टेनिटिक’ प्रकारची राहते आणि चुंबक चिकटत नाही, तर मिठातल्या क्लोराइडमुळे पडणारे खड्डे दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम रोखतं. ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. याची कात्री केली तर धार लगेच बोथट होईल.

उलट, स्वस्तातलं २०१ स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही, पण मिठाच्या पाण्यात ३१६एलपुढे टिकत नाही. त्यामुळे चुंबक खिशातच राहू द्या आणि दुकानदाराकडे ग्रेडचं प्रमाणपत्र मागा. नुसतं ‘सर्जिकल स्टील’ असा शिक्का पुरेसा नाही, ते कुठल्या एका ग्रेडचं नाव नाही.