मुद्रांक शुल्क (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियात घर किंवा जमीन विकत घेणाऱ्याने राज्य सरकारला एकरकमी भरायचा कर. अनेक राज्यांच्या कायद्यात त्याला 'ट्रान्सफर ड्यूटी' म्हटले असले, तरी लोकांच्या तोंडी 'स्टॅम्प ड्यूटी'च आहे. दर राज्यागणिक वेगळे. १० लाख डॉलरच्या घरावर न्यू साउथ वेल्समध्ये सुमारे ४० हजार, तर व्हिक्टोरियात ५५ हजार डॉलर पडतात. आणि सिडनीत १० लाखांत स्वतंत्र बंगला मिळणे आता दुरापास्तच.

दर न वाढवताही हा कर फुगत गेला. न्यू साउथ वेल्समध्ये दरांचे टप्पे १९८६ मध्ये ठरले आणि थेट २०१९ पर्यंत तसेच राहिले. किमती चढत गेल्या, तशी साधी घरेही वरच्या टप्प्यात जाऊन बसली.

याचा खरा फटका घर बदलू पाहणाऱ्यांना बसतो. मुले पांगल्यावर चार खोल्यांचे घर विकून दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा, असे वाटणाऱ्या जोडप्याला नव्या घरावर पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागते. शिवाय एजंटचे कमिशन आणि सामान हलवण्याचा खर्च. मग माणसे आहे तिथेच राहतात, किंवा मागे एक खोली वाढवतात. पहिले घर घेणाऱ्यांना सवलत आहे (न्यू साउथ वेल्समध्ये ८ लाख डॉलरपर्यंत पूर्ण माफी), दुसऱ्यांदा घेणाऱ्यांना सहसा नाही. शुल्क आणि व्यवहार यांचे नाते महाराष्ट्रानेही पाहिले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईतील दर ५ वरून २ टक्क्यांवर आला आणि ती मुदत संपता संपता, डिसेंबरात, नोंदणीसाठी झुंबड उडाली.

केन हेन्री यांच्या करसमितीने २०१० मध्ये हे शुल्क काढून व्यापक जमीनकर लावावा, असे सुचवले. ते मनावर घेतले फक्त कॅनबेरा असलेल्या राजधानी प्रदेशाने. अँड्र्यू बार अर्थमंत्री असताना २०१२ मध्ये तिथे २० वर्षांची योजना सुरू झाली: शुल्क हळूहळू उतरवायचे आणि तूट वार्षिक घरपट्टीतून भरून काढायची. (तिथली जमीन सरकारकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते, सिडकोच्या घरात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.) घरपट्टी वाढली, कुरकुरही झाली. वर्षानुवर्षे एकाच घरात राहणाऱ्याला ही वाढ टोचते, कारण त्याचे शुल्क कधीच भरून झालेले असते.

न्यू साउथ वेल्सने निवड खरेदीदारावर सोपवली. जानेवारी २०२३ पासून १५ लाख डॉलरपर्यंतचे पहिले घर घेणाऱ्याने एकरकमी शुल्क भरावे, नाहीतर दरवर्षी ४०० डॉलर अधिक जमिनीच्या मूल्याच्या ०.३ टक्के द्यावेत. मार्चमध्ये सत्तांतर झाले आणि ३० जूनला योजना बंद पडली. तेवढ्या काळात ज्यांनी वार्षिक कर निवडला, त्यांना तो घर विकेपर्यंत चालू राहतो. त्यांच्याकडून घेणाऱ्याला मात्र पुन्हा स्टॅम्प ड्यूटी.