होममेकर क्लब म्हणजे नुसता टाइमपास? नाही हो!

अमेरिकेतल्या खेड्यांमधले बायकांचे होममेकर क्लब म्हणजे केक, विणकाम न गप्पा, असं कायम ऐकायला मिळतं, ते साफ चुकीचंय. 1910 ला साउथ कॅरोलिनात मारी क्रोमर या खेड्यातल्या शाळेच्या बाईंनी मुलींचा टोमॅटो क्लब काढला, प्रत्येकीला एकराचा दहावा हिस्सा, टोमॅटो लावायचे, डबाबंद करायचे, विकायचे आणि पैसे मुलीचे (बापाचे नाही बरं का!). 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानंतर तर सरकारी पैशातून ट्रेन्ड बायका गावोगाव अशा क्लबांमधून गृहिणींना शिकवायला जाऊ लागल्या. त्या प्रेशर कॅनर (प्रेशर कुकरसारखं डबाबंदीचं भांडं) वापरायला शिकवायच्या. का, तर घेवड्यासारख्या भाज्या नुसत्या उकळून बरणीत भरल्या तर बॉट्युलिझम या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू टिकतात, माणूस दगावू शकतो. एकदा शिकलेली बाई मग शेजारणींना शिकवायची, तेही बिनपगारी.