अपग्रेडनंतर डायल-अप मोडेम न लागणे

कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आणि कालपर्यंत नीट लागणारं नेट आज लागेना, हा डायल-अपच्या, म्हणजे मोडेम नावाच्या यंत्राने टेलिफोन लाइनवरून नेट जोडण्याच्या काळातला नेहमीचा बिघाड. साधारण १९९५ ते २००५ या दशकात तो सगळ्यात जास्त दिसला, कारण विंडोज ९५, ९८, २००० आणि एक्सपी या सगळ्या याच काळात एकामागोमाग आल्या. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला आणि विंडोज ९५ बाजारात आली २४ ऑगस्टला, म्हणजे भारतात नेट आणि अपग्रेड दोन्ही नऊ दिवसांच्या अंतराने सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

अशा वेळी लोक पहिल्यांदा म्हणतात "मोडेम गेला". बहुतेक वेळा मोडेम गेलेला नसतो, त्याचं जे काम कॉम्प्युटरने अंगावर घेतलेलं असतं ते करणारं सॉफ्टवेअर गेलेलं असतं, आणि म्हणून आपला मोडेम कुठल्या जातीचा आहे हे आधी बघावं लागतं.

मोडेमच्या तीन जाती मानतात. पहिल्यात सगळंच मोडेमवर: सिग्नल बनवणारी चिप पण आणि कमांड समजून घेणारा कंट्रोलर पण. सीरियल पोर्टला लावायचे बाहेरचे मोडेम जवळजवळ सगळे असेच. दुसऱ्यात कंट्रोलरचं काम कॉम्प्युटरकडे, सिग्नलचं चिपकडे. ल्युसंटचे एलटी मोडेम या गटातले. तिसऱ्यात दोन्ही कामं प्रोसेसरच्या डोक्यावर आणि कार्डावर फोनलाइन जोडण्यापुरतं सर्किट. पीसीटेलचे एचएसपी आणि कोनेक्झंटचे एचएसएफ हे त्यातले.

"विनमोडेम" हा शब्द नेमका कोणाला लावायचा यावर एकमत नाही. मुळात तो यूएस रोबोटिक्सचा ट्रेडमार्क, त्यामुळे काटेकोर लिहिणारे फक्त त्यांच्याच कार्डांना विनमोडेम म्हणतात; काहीजण तिसऱ्या जातीपुरता वापरतात; आणि बाजारात व लिनक्सवाल्यांमध्ये दुसरी-तिसरी दोन्ही जात सरसकट विनमोडेम. दुरुस्तीच्या दृष्टीने हा शेवटचा अर्थच जास्त उपयोगी वाटतो, कारण दोन्ही ड्रायव्हरशिवाय, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय, मुके असतात. आयबीएमच्या एमवेव्ह कार्डाला काहीजण या घराण्याचा मूळपुरुष मानतात, ते या विनमोडेमांहून थोडं आधीचं, पण त्यात कोड कॉम्प्युटरवरून चढवला तरी सिग्नलचं गणित कार्डावरचाच प्रोसेसर करायचा, तेव्हा त्याला फार तर चुलत घराणं म्हणता येईल.

अपग्रेडने नेमकं काय तुटतं? विंडोज ९५ आणि ९८ मध्ये बरेच ड्रायव्हर व्हीएक्सडी या जुन्या प्रकारचे होते, ते २००० आणि एक्सपीत चालतच नाहीत, कारण या दोन्हींचा गाभा विंडोज एनटी या वेगळ्या घराण्याचा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेमच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि समोर "पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर" एवढंच दिसतं, हे नाव वाचून कोणालाच कळत नाही की हाच आपला मोडेम. तिथे व्हेंडर नंबर बघायचा: ११सी१ म्हणजे ल्युसंट, १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट, आणि त्यावरून ड्रायव्हर शोधायचा. अडचण अशी की ड्रायव्हर नेटवर आणि नेट ड्रायव्हरशिवाय नाही, म्हणून सायबर कॅफेत फ्लॉपी घेऊन जाणं हा या दुरुस्तीचाच एक भाग होता. पहिल्या जातीचा मोडेम असेल तर एवढं काही करावं लागत नाही, स्टँडर्ड मोडेम निवडला तरी तो चालतो.

ड्रायव्हर बसला तरी पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटर मोडेमशी ज्या दाराने बोलतो ते, बदललेला असू शकतो, काल कॉम३ होता तो आज कॉम५, आणि जुनं कनेक्शन कॉम३ लाच हाक मारत बसतं. एरर ६३३, म्हणजे मोडेम वापरात आहे किंवा नीट बसवलेला नाही, यातूनही येतो. मोडेम जिवंत आहे का हे बघायची खात्रीची पद्धत म्हणजे विंडोजमधला हायपरटर्मिनल हा प्रोग्रॅम उघडून त्या पोर्टवर एटी टाइप करून एंटर मारणं. समोर ओके उमटलं की मोडेम आणि पोर्ट दोन्ही ठीक. ही एटी भाषा हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलीय, कितीतरी विंडोज आल्या-गेल्या पण ती तशीच राहिली.

पुढचं निदान कानाने करायचं, स्पीकर चालू ठेवून. डायल टोन ऐकू येतोय तरी मोडेम एरर ६८० देऊन "टोन नाही" म्हणतो, हे आपल्याकडे फार व्हायचं. अमेरिकेतला टोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा, आपला ४०० हर्ट्झचा आणि तोही २५ हर्ट्झने थरथरणारा, नवीन ड्रायव्हरने देश म्हणून अमेरिका धरला की मोडेमला आपला टोन ओळखूच येत नाही. देश भारत करायचा, नाहीतर इनिशियलायझेशनच्या ओळीत, म्हणजे डायल करण्याआधी मोडेमला दिलेल्या कमांडमध्ये, एक्स३ घालायचं, मग तो टोनची वाट न बघता डायल करतो. नंबर फिरवून झाला तरी टोन तसाच चालू राहिला तर एक्स्चेंज जुनं, फक्त पल्स म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखे टक-टक ठोके समजणारं. डायलिंग रूल्समध्ये टोनचं पल्स करायचं. पलीकडून शिट्टी आली, खरखर सुरू झाली आणि मधेच तुटली तर लाइनचा आवाज किंवा ५६ के चा हट्ट, तेव्हा ५६ के चं व्ही.९० हे मानक बंद करून व्ही.३४ वर म्हणजे ३३.६ के वर उतरवलं की बऱ्याचदा टिकतं.

खरखर पूर्ण होऊन शांत झालं म्हणजे मोडेमचं काम झालं, यापुढच्या चुका त्याच्या माथी मारू नयेत. ६९१ म्हणजे यूजरनेम-पासवर्ड, अपग्रेडमध्ये सेव्ह केलेला पासवर्ड उडालेला असतो. ७२० म्हणजे पीपीपीची (फोनवरून नेट जोडताना दोन्ही बाजूंनी ठरवायच्या नियमांची) बोलणी फिसकटली, टीसीपी/आयपी हे नेटचं मूळ सॉफ्टवेअर बिघडलंय. ९८ मध्ये डायल-अप अडॅप्टर काढून परत टाकता येतो, सीडी जवळ हवी. एक्सपीत टीसीपी/आयपी काढताच येत नाही, कमांड प्रॉम्प्टवरून रिसेट करावं लागतं. विंडोज ३.१ वरून ९५ वर आलेल्यांचा घोळ वेगळा होता, ट्रम्पेट या जुन्या नेट-प्रोग्रॅमची विनसॉक फाइल (विंडोजला नेटशी जोडणारी) मागे राहून नव्या विनसॉकला आडवी यायची.

लिनक्सवर नुसता कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला तरी हेच होतं. ल्युसंटचा ड्रायव्हर अर्धा बंद बायनरी, अर्धा उघडा कोड, त्यामुळे प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाइल करावा लागायचा आणि २.४ वरून २.६ वर जाताना मॉड्यूलचा साचाच बदलला.

एक्सपीनंतरच्या व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीने डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर नाकारले, आणि व्हिस्टातून हायपरटर्मिनलही गेलं. मॅकवर अॅपलचा यूएसबी मोडेम मॅक ओएस १०.७ पासून चालत नाही.