बोलतो, पण ऐकत नाही

आमच्या टीपॉयवर सहा रिमोट असायचे. टीव्हीचा, सेटटॉप बॉक्सचा, साउंडबारचा, कधीकाळच्या डीव्हीडी प्लेयरचा, टीव्हीला लावायच्या इंटरनेटच्या स्टिकचा आणि एसीचा. आईनं सगळ्यांना प्लास्टिक चढवून वर रबरबँड लावलेले, त्यामुळे अंधारात हाताला सारे सारखेच लागायचे. मे महिन्यातल्या एका रात्री बाबा मॅचचा आवाज वाढवायचा म्हणून एसीचं तापमान वाढवत बसले होते. घामाघूम झाल्यावर उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी मी बर्डी, म्हणजे नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ गाठली.

"काहून भाऊ, सहा-सहा सांभाळून राहिले?" दुकानदारानं दोनशे रुपयांचा युनिव्हर्सल रिमोट काउंटरवर ठेवला. "हा घेऊन जा. सगळं शिकते हा."

शिकते म्हणजे काय करते, हे कळायला आधी रिमोट बोलतो कसा ते पाहू. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा लावा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर रिमोटच्या टोकाचा बारका एलईडी जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसेल. डोळ्यांना मात्र काही दिसत नाही, कारण हा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा अवरक्त. (मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याच फोनमध्ये अवरक्त किरण अडवणारी चाळणी असते, म्हणून सेल्फी कॅमेरा.) दोष रिमोटचा की टीव्हीचा, हे ठरवायची ही फुकटची तपासणी.

कॅमेऱ्यात दिसते ती लुकलुक फसवी आहे. खरा वेग सेकंदाला साधारण ३८,००० उघडझाप इतका असतो. एवढा खटाटोप कशाला? तर अवरक्त प्रकाश सगळीकडेच आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गॅलरीचं दार उघडं असेल तर विचारायलाच नको. पण ऊन सेकंदाला ३८,००० वेळा उघडझाप करत नाही. टीव्हीच्या काळसर काचेमागचा डोळा तेवढाच ताल ओळखतो आणि बाकीचा उजेड सोडून देतो.

ही अक्कल एका दिवसात आलेली नाही. अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पोली यांनी १९५५ साली टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट केला, तो म्हणजे टॉर्चच होता. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसवलेले, ज्याच्यावर झोत टाकाल ते काम होई. खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपल्या मनानं चालायचा. आमच्या पश्चिमेकडच्या हॉलमध्ये तो संध्याकाळी चारनंतर बाबांच्या हाती लागलाच नसता. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतल्या रॉबर्ट अॅडलर यांनी प्रकाश सोडून ध्वनी धरला. बटण दाबलं की छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघायचा. सेलसुद्धा लागत नसत.

आता भाषा. एनईसी नावाची पद्धत फार चालते, तीच घेऊ. आधी ९ मिलिसेकंद प्रकाश, म्हणजे सुमारे ३४० उघडझापा, मग ४.५ मिलिसेकंद शांतता. हे झालं "अहो, ऐका". त्यापाठोपाठ ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशी ३२ अक्षरं. प्रत्येक बिटाची सुरुवात अर्ध्या मिलिसेकंदाहून थोड्या लांब झोतानं होते, सगळ्यांची सारखीच. फरक आहे तो नंतरच्या शांततेत. ती झोताएवढीच असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. पहिले आठ बिट निरोप कोणाला ते सांगतात, पुढचे आठ तेच उलटे करून, म्हणजे शून्याचा एक आणि एकाचा शून्य. मग आठ बिट काय करायचं याचे, आणि पुन्हा तेच उलटे. जोड्या जुळल्या नाहीत की टीव्ही तो निरोप टाकून देतो. या उलटापालटीमुळे शून्य आणि एक नेहमी सोळा-सोळाच भरतात, म्हणून कुठलंही बटण दाबा, निरोप साधारण ६७.५ मिलिसेकंदांचाच. बटण दाबूनच धरलं तर सगळी कथा परत सांगत नाहीत; दर १०८ मिलिसेकंदांनी एक छोटासा "तेच ते" जातो.

पण भाषा एक नाही. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत ताल ३६ हजारांचा, सोनीचा ४० हजारांचा. आरसी-५ मध्ये एक बिट दर वेळी बटण दाबलं की पालटतो. त्यामुळे १ हे बटण दाबून धरलंय की ११ नंबरचं चॅनेल हवंय म्हणून दोनदा दाबलंय, हे टीव्हीला कळतं.

दुकानातून आणलेल्या रिमोटला पढवायचे दोन रस्ते. पहिला, त्याच्या पोटातली शब्दांची वही. टीव्ही चालू ठेवायचा, बटण दाबून धरायचं, आणि रिमोट एकेका कंपनीचं "बंद हो" क्रमानं ओरडत सुटतो. टीव्ही बंद झाला की आपण थांबवायचं. रिमोटला ते कळत नाही, कारण त्याला तोंड आहे, कान नाही. आपण क्षणभर गाफील राहिलो की गाडी पुढच्या स्टेशनवर. माझं तेच झालं. तिसऱ्या खेपेला जमलं, तर टीव्ही बंद व्हायचा पण आवाज हलेना. त्याच कंपनीच्या दुसऱ्याच मॉडेलची यादी लागली होती.

दुसरा रस्ता पोपटाचा. 'सेट' बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबायचं, जे शिकवायचं ते बटण दाबायचं, मग जुन्या रिमोटचं तोंड नव्याच्या तोंडासमोर दोन बोटांवर आणून मूळ बटण टिचकीसारखं दाबायचं. दिवा लुकलुकला की झालं. शिकताना नव्यातला एक छोटा डोळा जागा होतो, पण तो अर्थ लावत नाही. प्रकाश किती वेळ, शांतता किती वेळ, एवढ्या मापांची यादी ठेवतो. मी हे गॅलरीच्या दाराशी, उन्हात बसून करत होतो, सेलही जुने. चार वेळा फसलं. आत पंख्याखाली पडदा ओढून नवे सेल घातले तर पहिल्याच दमात जमलं. बटण जास्त वेळ दाबून धरू नका, नाहीतर पोपट "तेच ते"सुद्धा पाठ करतो. आरसी-५ वाल्यांना आणखी एक अडचण. तो पालटणारा बिट शिकताना गोठतो, मग ११ दाबलं तरी टीव्हीला एकदाच १ ऐकू येतो.

स्टिकचा रिमोट या शाळेत बसला नाही. तो स्टिकशी ब्लूटूथनं, म्हणजे रेडिओ लहरींनी बोलतो आणि पोपटाला त्या ऐकूच येत नाहीत.

एसीची तऱ्हा सगळ्यात मजेशीर. टीव्हीचा रिमोट म्हणतो, "आवाज एकानं वाढव." एसीचा म्हणतो, "२४ अंश, थंड, पंखा मध्यम, झोत हलता." तापमानाचं एकच बटण दाबा, तरी साधारण सगळी हकीकत दर वेळी जाते. त्याला छोटा पडदा असतो तो म्हणूनच. त्यावरचा आकडा एसीचा नव्हे, रिमोटच्या समजुतीचा. मध्ये कोणी उभं असलं आणि निरोप पोचला नाही, तर रिमोट २२ दाखवत राहील आणि एसी २८ वरच. अशा एसीचं 'वाढव' बटण पोपटाला शिकवता येत नाही. मी एकच बटण शिकवलं, "२४, थंड". आईला तेवढंच हवं होतं.

एका बटणात अनेक निरोप भरायची हौस जुनी आहे. अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ मध्ये शिकणारा 'कोर' नावाचा रिमोट काढला होता. मनीषनगरला माझ्या एका मित्राकडे आता तसाच महागडा आहे. 'सिनेमा' दाबलं की टीव्ही आणि साउंडबार दोन्ही चालू. प्रत्येकाचं चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच, दाबलं की पालटणारं. परवा त्यानं बटण दाबलं तेव्हा त्याचा पोट्टा नेमका साउंडबारसमोर उभा होता. टीव्ही लागला, आवाज नाही. मित्रानं पुन्हा दाबलं. साउंडबार लागला, टीव्ही बंद. तिसऱ्यांदा दाबलं, पुन्हा उलट. शेवटी तो सोफ्यावरून उठला, "बाजूला हो बे" म्हणाला आणि साउंडबारचं बटण बोटानं दाबून आला.