बंदुकीची दारू: शिंगातल्या मापापासून आपोआप तोलणाऱ्या यंत्रापर्यंत

काडतुसात भरायची दारू स्वतःच तोलून वाटीत सोडणारं यंत्र नेमबाजांच्या टेबलावर येऊन फार वर्षं झालेली नाहीत. आपल्याकडेही अधूनमधून कोणीतरी विचारतंच, घ्यायचं तर कोणतं? जाहिरातीतले आकडे वाचून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. या यंत्राच्या पोटात दोन वेगवेगळी अवजारं आहेत, एक मापाचं आणि एक तराजूचं. ती दोन्ही कुठून आली हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

आधी माप आलं. इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम याने १८२५ साली खान्देशात धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा पलटणीतल्या शिपायापासून सातपुड्यातल्या शिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे, मग गजाने ठासायचं. दारू शिंगात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवलेली, आणि बार किती भरायचा हे ठरवायला एक छोटं माप. तराजूची गरजच नव्हती. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती काळी दारू, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणातली. आकारमानाच्या मानाने तिची ताकद बेताची. मापात चार दाणे कमीजास्त झाले तर बार थोडा हलका किंवा थोडा जड व्हायचा, इतकंच.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू बनवली आणि हा निवांतपणा संपला. १८८७ मध्ये नोबेलची बॅलिस्टाइट आली, १८८९ मध्ये इंग्लंडची कॉर्डाइट. वजनाला वजन धरलं तर ही नवी दारू काळ्या दारूच्या साधारण तिप्पट जोराची. तेवढ्याच कामाला ती कमी लागते, म्हणून काडतुसाच्या पुंगळीत जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेत चुकून दुसरा बारही मावतो. जुनं माप घेऊन नवी दारू भरणाऱ्याची बंदूक फुटणं हा तेव्हाचा खरा धोका होता.

कारखान्यांनी त्यावर काढलेली तोड मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. छर्ऱ्यांच्या बंदुकांसाठी त्यांनी मुद्दाम फुगीर, हलकी धूरहीन दारू बनवली. जुन्याच मापाने ती भरली तर जुन्या बाराइतकंच काम करायची. लोकांची सवय बदलत नाही म्हणून दारूच बदलली! पण त्याच सुमारास घट्ट, वजनदार दारूही बाजारात आली, आणि ती तोलूनच भरावी लागे. दोन्ही धूरहीनच, पण एकीचं माप दुसरीला लावणं जिवावर बेतणारं. मापावर भागत नाही, तराजू हवा, ही जाणीव तिथून पक्की झाली. काळ्या दारूच्या ड्रॅम या मापाचा उल्लेख मात्र अमेरिकेत छर्ऱ्यांच्या काडतुसांच्या खोक्यांवर पुढेही छापला जात राहिला.

घरी काडतुसं पुन्हा भरण्याचा रिवाज अमेरिकेत वाढला. १८६० च्या दशकात मध्यभागी दारू पेटवणारी टोपी बसणारी पितळी पुंगळी रुळली. वापरलेली टोपी काढून नवी बसवता येते आणि तीच पुंगळी पुन्हा कामाला येते. १८८४ मध्ये जॉन बार्लो याने आयडियल कंपनी काढून पकडीसारखं भरणीचं अवजार विकायला सुरुवात केली. हा धंदा पुढे मार्लिन कंपनीकडे आणि १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याकडे उरलेली दारू स्वस्तात बाहेर आली, ब्रूस हॉजडनसारख्यांनी ती विकली, आणि आरसीबीएस, हॉर्नाडी, ली या भरणीचं सामान बनवणाऱ्या कंपन्या त्याच लाटेवर मोठ्या झाल्या.

त्या काळच्या टेबलावर दोन वस्तू शेजारी शेजारी असत. एक फिरत्या दंडगोलाचं माप. दांडा वर केला की खाचेत दारू भरते, खाली केला की पुंगळीत पडते. दुसरी वस्तू म्हणजे दांडीचा तराजू. ओहाउस कंपनीने असे तराजू अनेक ब्रँडांसाठी बनवले. मापाने किंचित कमी दारू तराजूच्या वाटीत टाकायची आणि उरलेली ट्रिकलर या छोट्या अवजाराची बारीक नळी बोटांनी फिरवत दाणा दाणा सोडायची. दारू गोल दाण्यांची असेल तर माप एकसारखं पडतं. लांबट, कांडीसारख्या दाण्यांची असेल तर खाचेच्या कडेला दाणे अडकतात, कटकन तुटतात, आणि माप मागेपुढे होतं. शंभर-दोनशे यार्डांवर बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम धरण्याचा खेळ, खेळणारे कित्येक उत्तम नेमबाज दारू अजूनही मापानेच भरतात आणि जिंकतात. हजार यार्डांवर मात्र दारूतला फरक गोळीच्या वेगात उतरतो आणि गोळ्या निशाणावर वरखाली पडू लागतात. वजनाचा हट्ट तिथला आहे.

हे वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि खान्देशातल्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही. इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि १८३५ चा चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एक गुंज १.८७५ ग्रेनची. मध्यम रायफलच्या काडतुसात पाव तोळ्याच्या आसपास दारू बसते. नेमबाज ज्या ०.१ ग्रेनवरून वाद घालतात तो साडेसहा मिलिग्रॅमचा, गुंजेचा जवळपास एकोणिसावा भाग. जळगावच्या सराफ बाजारात काचेच्या पेटीतल्या काट्यावर सोनं ठेवताना पेटीची दारं का लावतात, हे ज्याने पाहिलंय त्याला या आकड्याची नजाकत वेगळी सांगायला नको.

विजेचा काटा आला तो दोन वाटांनी. पहिली वाट १९३८ ची. त्या वर्षी अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ताण मोजणारी बारीक तार धातूवर चिकटवली. वजन पडलं की धातू किंचित वाकतो, तारेचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून आकडा निघतो. स्वस्त डिजिटल काटे याच तत्त्वावर चालतात. दुसरी वाट चुंबकाची. वजनाने खाली जाऊ पाहणारी दांडी विजेच्या वेटोळ्याने जागच्या जागी तोलून धरायची आणि त्यासाठी किती प्रवाह लागला ते मोजायचं. प्रयोगशाळेतले काटे असे असतात. ते महाग, पण चटकन स्थिरावतात आणि कमी भरकटतात.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पॅक्ट कंपनीने डिजिटल काट्याला दारू सोडणारी मोटर जोडली आणि माप व तराजू एका जागी आले. आरसीबीएसच्या चार्जमास्टरने पुढे ही जोडी घरोघरी नेली. डब्यातून निघणारी आटेदार नळी आधी भरभर फिरते, ठरलेलं वजन जवळ आलं की सावकाश, शेवटी थबकत थबकत. काट्याचा आकडा मोटरला थांब म्हणतो, पण तोवर नळीच्या तोंडावरचे दोन-चार दाणे घसरलेले असतात. म्हणून लोक त्या तोंडात शीतपेयाच्या स्ट्रॉचा तुकडा बसवतात, म्हणजे दाणे ढिगाने न पडता एकेक पडतात. इतक्या महागड्या यंत्राला इतकी साधी दुरुस्ती लागावी, यावरूनच अडचण काट्यात किती आणि दाणे सोडण्यात किती हे समजतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत ही जोडी पुन्हा सुटी झाली. ऑटोट्रिकलर नावाचं कॅनडातलं उपकरण जपानच्या ए अँड डी कंपनीच्या एफएक्स-१२०आय या चुंबकी काट्याला जोडतात. तो काटा ०.०२ ग्रेनचाही फरक दाखवतो, म्हणजे लांबट दारूचा साधारण एक दाणा. चार्जमास्टरच्या वर्गातली यंत्रं ०.१ ग्रेन दाखवतात.

आपल्याकडे हा छंद फोफावला नाही, त्याचं कारण कायद्यात आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. दारू आणि टोप्या दुकानात सहज मिळत नाहीत, आणि तसंच असायला हवं. शिवाय बहुतेक नेमबाज एअर रायफल किंवा .२२ इंची नळीच्या लहान रायफलवर सराव करतात. .२२ च्या काडतुसाला वेगळी टोपी नसतेच, पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत असतो आणि ती कड घोड्याच्या घावाने चेपते. ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. दारूगोळ्याची खान्देशातली खरी ओळख वरणगावच्या कारखान्याची. १९६४ पासून तिथे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीत आहे.

ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे आणि मोठ्या रायफलवर जे खेळतात, त्यांनी माझ्या मते आधी काटा ठरवावा, दाणे सोडणारं यंत्र नंतर. एकच वजन दहा वेळा उचलून ठेवलं तर दहाही वेळा तोच आकडा येतो का, हे पडद्यावरच्या दशांश स्थळांपेक्षा महत्त्वाचं. दोन-तीनशे यार्डांपर्यंतच खेळणार असाल तर ०.१ ग्रेनचं एकत्र यंत्र पुरेसं आहे. लांब पल्ल्यासाठीच चुंबकी काट्याचा खर्च योग्य ठरतो.

आपल्या हवेचा विचारही इथे करायलाच हवा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि ताण मोजणारा काटा तापमान बदललं की शून्यावरून सरकतो. कूलरचा झोत वाटीवर आला तर आकडा नाचतो. तेव्हा काटा अर्धा तास आधी चालू ठेवावा, तोलताना कूलर-पंखा बंद ठेवावा, टेबल भिंतीला घट्ट असावं, आणि वीज ये-जा करणारी असेल तर यूपीएस लावावा. दुसऱ्या गावी नेलेला विजेचा काटा तिथे पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, कारण गुरुत्वाकर्षण जागेप्रमाणे थोडं बदलतं. दांडीच्या तराजूला तो प्रश्न नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना तोच ओढा असतो.

सराफाच्या काट्यावर वैधमापन विभाग दरवर्षी शिक्का मारतो. घरच्या टेबलावरचा काटा तपासायला कोणी येत नाही. म्हणून खरेदी करतानाच भरल्या जाणाऱ्या दारूच्या वजनाजवळची प्रमाणित वजनं सोबत घ्यावीत, दर बैठकीच्या सुरुवातीला आणि मध्येही ती काट्यावर ठेवून पाहावीत, आणि जुना दांडीचा तराजू असेल तर तो मोडीत काढू नये. मोबाइल काट्याशेजारी ठेवू नये. एका वेळी टेबलावर एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा, आणि काम संपलं की यंत्रात उरलेली दारू लगेच तिच्याच मूळ डब्यात परत जावी.